आपापला तास

इंग्लिश खाडीच्या रिलेचा एक नियम आहे. संघाने पहिल्या फेरीत ज्या क्रमाने पाण्यात उतरायचं, त्याच क्रमाने शेवटपर्यंत उतरायचं. प्रत्येकीने एक तास पोहायचं. पाऊण नाही की सव्वा नाही. कुणाला उलट्या होत असोत, कुणाचा खांदा धरलेला असो, कुणाचा धीर सुटलेला असो, तिच्याऐवजी दुसरीला उतरता येत नाही. राखीव खेळाडू नसतो. संघातली सर्वांत वेगवान बाई ताजीतवानी होऊन बोटीवर बसलेली असली, तरी मैत्रिणीचा तास तिला आपल्या अंगावर घेता येत नाही. एकीने आपला तास पुरा केला नाही, तर सहाही जणींचं पोहणं तिथंच संपतं. मग फ्रान्सचे दिवे समोर दिसत का असेनात.

पहिल्यांदा ऐकताना हा नियम निष्ठुर वाटतो. पण या उन्हाळ्यात डोव्हरच्या किनाऱ्यावर सहा बायकांचा एक संघ तयारी करताना पाहिला, आणि रिलेची सगळी थोरवी या नियमात आहे असं माझं ठाम मत झालं. त्या सहा जणींबद्दल लिहायचं आहेच. पण त्याआधी आपल्याकडच्या एका सवयीबद्दल लिहायला हवं.

इंग्लिश खाडी मराठी वाचकाला नवी नाही. पोहून गेलेल्यांच्या बातम्या आपण कौतुकाने वाचत आलो आहोत. आरती साहा 1959च्या ऑगस्टमध्ये अपयशी ठरल्या आणि महिनाभरात, 29 सप्टेंबरला, पुन्हा उतरून खाडी पार करणारी आशियातली पहिली स्त्री ठरल्या, हे आपल्या आधीच्या पिढीला तोंडपाठ होतं. पुण्याच्या रोहन मोरेने 2018 साली जगातल्या सात खडतर सामुद्रधुन्यांची मालिका पूर्ण केली. नाशिकच्या तन्वी चव्हाण-देवरे यांनी 2024च्या जूनमध्ये खाडी पार केली तेव्हा त्या जुळ्या मुलांच्या आई होत्या. या सगळ्यांचा अभिमान वाटावा तेवढा थोडाच. पण आपल्या बातमीला ‘पहिला’, ‘सर्वांत लहान’, ‘सर्वांत वेगवान’ यांतलं एखादं विशेषण लागतं. रिलेला ते सहसा मिळत नाही, म्हणून रिलेची बातमीही होत नाही. अपवाद 2018चा. त्या वर्षी जूनमध्ये चार भारतीय दिव्यांग जलतरणपटूंनी रिले करून खाडी ओलांडली आणि त्यांत आपल्या महाराष्ट्राचा चेतन राऊत होता. एरवी रिले म्हटलं की ‘म्हणजे एकटीला जमत नाही म्हणून वाटून घेतलं’ असा सूर ऐकू येतो. तो सूर मला खटकतो. एकटीने पोहताना हार मानली तर हार आपली असते. इथे ती पाच जणींच्या पदरात पडते. हे ओझं घेऊन थंड पाण्यात उडी मारणं सोपं आहे असं कुणी म्हणू नये.

डोव्हरच्या बंदराच्या आत गोट्यांचा एक किनारा आहे. वाळू नाही, नुसते गोल गुळगुळीत गोटे. अनवाणी चालताना तळव्यांना टोचतात आणि पाण्याशी पोचेपर्यंत माणूस निम्मा वाकलेला असतो. एका बाजूला फ्रान्सला जाणाऱ्या प्रचंड फेरींचा धक्का, दुसऱ्या बाजूला जुना दगडी धक्का, पाठीमागे पांढरे खडूचे कडे. मागच्या रस्त्यालगत कॅप्टन मॅथ्यू वेब यांचा अर्धपुतळा आहे. त्यांनी 1875च्या ऑगस्टमध्ये पावणेबावीस तास पोहून खाडी पहिल्यांदा पार केली. उन्हाळ्याच्या महिन्यांत दर शनिवार-रविवारी सकाळी या किनाऱ्यावर खाडीचे उमेदवार जमतात. ही परंपरा फ्रेडा स्ट्रीटर या बाईंनी उभी केली. त्यांची मुलगी अ‍ॅलिसन हिने पुढे 43 वेळा खाडी पार केली. फ्रेडाबाई किनाऱ्यावर उभ्या राहून कुणी किती तास पोहायचं ते सांगायच्या आणि त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. आजही पद्धत तीच आहे. स्वयंसेवक नाव लिहून घेतात, टोपीचा रंग बघतात, वेळ ठरवून देतात. मग बंदराच्या आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोहत राहायचं. दृश्य बदलत नाही, तळ दिसत नाही, आणि फेरी आत-बाहेर होताना तोंडात डिझेलचा वास घेऊन लाट येते.

मी ज्या संघाबरोबर होते, त्यांनी नावं छापू नका असं सांगितलं आहे. त्यामुळे मी त्यांना कामावरूनच ओळखत राहीन. एक निवृत्त शिक्षिका, साठी ओलांडलेली. एक रात्रपाळी करणारी नर्स. एक बसचालक. एक हिशेबनीस. एक नुकतीच विद्यापीठातून बाहेर पडलेली मुलगी, जी त्या शिक्षिकेची भाची आहे. आणि एक आपली, सांगलीची. चौदा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला आली, आता स्वतः एका दवाखान्याच्या कार्यालयात काम करते. दोन मुलं. सहापैकी लहानपणी शर्यतीत पोहलेली एकच, ती हिशेबनीस. भाची सोडली तर बाकीच्या चाळिशीच्या पुढे-मागे पाण्याकडे वळलेल्या.

सांगलीची बाई कृष्णेत पोहायला शिकली. मामाने पाठीला पत्र्याचा डबा बांधून घाटावरून ढकलून दिलं आणि स्वतः काठावर बसून राहिला. पुढच्या उन्हाळ्यात डबा सुटला. आयर्विन पुलावरून उड्या मारणारी पोरं ती खालून बघायची. तिला तिथवर जाऊ देत नसत. वयात आल्यावर नदी बंद झाली. कुणी रागावलं नाही, मनाई केली नाही. आईने फक्त आता पुरे असं म्हटलं. मग थेट पंचवीस वर्षांनी, इंग्लंडमधल्या नगरपालिकेच्या तलावावर मुलीला शिकायला नेत असताना, काठावर नुसतं बसून राहण्यापेक्षा आपणही उतरावं असं तिला वाटलं. पहिल्याच दिवशी अंगाला सगळं आठवलं, असं ती सांगते. मान बाहेर ठेवून, हात आपटत पोहण्याची नदीची ढब मात्र मोडायला वर्ष लागलं.

ही गोष्ट महाराष्ट्रातल्या कितीतरी बायकांची आहे. विहिरीत, नदीत, तळ्यात पोहणाऱ्या मुली आपल्याकडे कमी नव्हत्या. भोपळे बांधून शिकलेल्या, सूर मारणाऱ्या, भावांना हरवणाऱ्या. त्या बारा-तेराव्या वर्षी काठावर आल्या आणि तिथंच थांबल्या. पोहणं विसरत नाही म्हणतात ते खरं आहे. पण विसरलं नाही म्हणून ते वापरायला मिळतं असं नाही.

तर थंडीबद्दल. मे महिन्यात डोव्हरच्या पाण्याचं तापमान 11-12 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. मुंबई-पुण्यातल्या तलावाचं पाणी सकाळी ‘गार’ वाटतं तेव्हाही ते याच्या दुपटीहून उबदार असतं. रिलेच्या उमेदवाराला आधी एक पात्रता पोहणं द्यावं लागतं, 16 अंश किंवा त्याहून थंड पाण्यात दोन तासांचं. एकटीने जाणाऱ्याला सहा तासांचं. ऊब राखणारा रबरी सूट चालत नाही. साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी, गॉगल, आणि काखेत-मानेवर घासू नये म्हणून चोपडलेलं व्हॅसलीन. इतकंच.

थंड पाणी पहिल्या दोन-तीन मिनिटांत माणसाला सर्वांत जास्त फसवतं. अंग पाण्यात शिरल्याबरोबर आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, मग धाप लागते आणि छातीचे ठोके वाढतात. त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर संपलं. चांगले पोहणारेही थंड पाण्यात किनाऱ्याजवळ बुडतात ते याच कारणाने. पोर्टस्मथ विद्यापीठातल्या माइक टिप्टन यांच्या अभ्यासाने हे नीट दाखवून दिलं आहे, आणि त्यातच दिलासाही आहे. थोड्या थोड्या वेळाच्या मोजक्या डुबक्यांनीच हा धक्का बराच कमी होतो, आणि शरीर ती सवय काही महिने विसरत नाही. म्हणून या सहा जणींनी सुरुवातीचे आठवडे पोहण्याचे केलेच नाहीत. नुसतं आत जायचं, उभं राहायचं, श्वास सोडायचा. गोट्यांवरून चालत जाताना शिक्षिका मोठ्याने गाणं म्हणते. तिचं म्हणणं असं की गाताना श्वास बाहेर सोडावाच लागतो, आणि बाहेर सोडलेला श्वास आत ओढून धरता येत नाही. सांगलीच्या बाईने पहिल्या दिवशी काय म्हटलं असेल? शाळेत पाठ झालेले पाढे. तेवीसच्या पाढ्यापर्यंत पोचली की पाणी सहन होतं, हे तिने स्वतःवर ताडून बघितलं आहे.

दुसरी फसगत पाण्याबाहेर आल्यावर होते. पोहणं संपलं, टॉवेल गुंडाळला, आता सुटलो असं वाटतं, आणि नेमकं त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत शरीराच्या आतलं तापमान आणखी खाली जातं. गार पडलेलं बाहेरचं अंग आतली ऊब ओढून घेत असतं. हे मी जवळून पाहिलं. नर्स दीड तास पोहून आली तेव्हा हसत होती, बोलत होती. मग तिचे ओठ निळे पडले, बोलणं जड झालं, आणि हातात दिलेला चहाचा कप तिला तोंडापर्यंत नेता येईना. अर्धा चहा गुडघ्यावर सांडला. एरवी अतिदक्षता विभागात इतरांचं अंग तपासणारी ही बाई स्वेटरच्या बाहीत हात घालू शकत नव्हती. तेव्हा कुणी गडबड केली नाही, कुणी गरम पाणी ओतलं नाही. बसचालकाने मागून तिला धरलं, भाचीने ओला पोशाख उतरवला, शिक्षिकेने एकावर एक चार थर चढवले, आणि सांगलीच्या बाईने लोकरीची टोपी कानापर्यंत ओढून तिच्या समोर बसून तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली. मुलाच्या शाळेचं नाव काय, आज वार कुठला, काल जेवलीस काय. उत्तर उशिरा आलं तर काळजी, चुकीचं आलं तर जास्त काळजी. हे चौघींनी न बोलता आपापसांत वाटून घेतलेलं काम होतं. रिलेची तयारी म्हणजे काय हे मला त्या दहा मिनिटांत कळलं. हात मारणं त्यातला एक भाग. उरलेला भाग हा.

कारण खाडीच्या बोटीवर प्रत्येकीला एक तास पाणी आणि पाच तास बोट असते. पोहणाऱ्याच्या वेगाने चालणारी छोटी मासेमारीची बोट लाटांवर बाजूला कलत राहते. डिझेलचा धूर, ओले कपडे, बसायला अरुंद फळी. जिला बोट लागते तिला ओकाऱ्या सुरू होतात, पोटात काही टिकत नाही, आणि पुन्हा पाण्यात उतरायची वेळ येते तेव्हा अंगात ऊब निर्माण करायला काहीच शिल्लक नसतं. खाडीवर रिले मोडतात त्या बहुतेक दुसऱ्या खेपेला, असं तिथले जुने लोक सांगतात. पहिला तास उत्साहावर निघतो. दुसऱ्या तासासाठी, कुडकुडत, बहुधा अंधारात, सगळं अंग नाही म्हणत असताना उडी मारावी लागते. म्हणून या संघाने जूनमध्ये एक दिवस बंदरात फक्त हाच सराव केला. तासभर पोहायचं, बाहेर यायचं, ओल्या केसांनी वाऱ्यात बसून राहायचं आणि जरा ऊब येते असं वाटलं की पुन्हा उतरायचं. त्या दिवशी भाची रडली. चोविशीतली, संघातली सर्वांत तंदुरुस्त मुलगी. सडपातळ अंगाला थंडी लवकर धरते. चाळिशीतल्या बायकांच्या कमरेवरची जी चरबी एरवी आपण सगळ्या शिव्या देऊन वागवतो, ती इथे उपयोगाची ठरते. मावशीने तिला जवळ घेतलं नाही. घड्याळ बघून अजून सहा मिनिटं आहेत एवढंच सांगितलं. ती उतरली.

रात्रीचा सराव वेगळा. टोपीच्या मागे आणि पाठीवर छोटा दिवा बांधतात, म्हणजे बोटीवरून दिसत राहावं. बदली होताना नवी पोहणारी पाण्यात उडी मारते आणि आधीच्या पोहणारीच्या मागून येऊन तिला ओलांडते. समोरून नाही, बाजूने नाही. ही अदलाबदल ठरलेल्या मिनिटांत व्हावी लागते, आणि संघटनेचा निरीक्षक बोटीवर बसून हे सगळं वहीत लिहीत असतो. चूक झाली तर पोहणं बाद.

हा निरीक्षक आला कुठून त्याचीही एक कथा आहे, आणि ती बायकांचीच आहे. 1926च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या गर्ट्रूड एडर्लीने साडेचौदा तासांच्या आसपास खाडी पार केली. आधीच्या पुरुषांच्या विक्रमापेक्षा जवळजवळ दोन तास कमी. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनमधली टंकलेखिका मर्सिडीज ग्लाइट्झ ही खाडी पार करणारी पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. चारच दिवसांनी डोरोथी कॉक्रेन लोगन नावाच्या डॉक्टर बाईंनी आपणही पार केली असा दावा केला आणि नंतर तो खोटा असल्याचं स्वतःच सांगितलं. पण त्यामुळे ग्लाइट्झच्या खऱ्या पोहण्यावरही संशय आला.  ऑक्टोबर संपत आला असताना, हाडं गोठवणाऱ्या पाण्यात, साक्षीदार सोबत घेऊन ती पुन्हा उतरली. थंडीपुढे तिला पलीकडे पोचता आलं नाही, पण तिच्या शब्दावर पुन्हा कुणी शंका घेतली नाही. त्याच वर्षी चॅनल स्विमिंग असोसिएशन स्थापन झाली, आणि प्रत्येक पोहण्याला निरीक्षक हवा असं ठरलं.

मला ग्लाइट्झ आवडते ती आणखी एका कारणाने. पोहण्यातून मिळालेला पैसा तिने बेघर, बेकार माणसांसाठी लावायचं ठरवलं होतं आणि 1933 साली लेस्टर शहरात तिच्या नावाने अशा लोकांसाठी घरं उघडली. समुद्रात पोहून धर्मादाय कामाला पैसा उभा करणं ही आज इंग्लंडमध्ये घरोघरची गोष्ट झाली आहे. एका टंकलेखिकेने ते जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं. पुढे नट-लेखक डेव्हिड वॉलियम्सने 2006 साली खाडी पार केली तेव्हा दहा लाख पौंडांहून जास्त देणगी जमली.

आमच्या सहा जणींचं लक्ष्य तेवढं मोठं नाही. त्यांच्या गावातल्या हॉस्पिससाठी त्या पैसे जमवत आहेत. बसचालकाची बहीण तिथे गेली. असाध्य आजाराच्या शेवटच्या आठवड्यांत माणसाला दुखू नये, घाण होऊ नये, एकटं वाटू नये यासाठी या संस्था चालतात. इंग्लंडमध्ये त्यांच्या खर्चाचा जेमतेम तिसरा हिस्सा सरकार देतं; बाकी देणग्या, जुन्या कपड्यांची दुकानं, मृत्युपत्रं आणि अशी पोहणारी-धावणारी माणसं. आपल्याकडे वांद्र्याला 1986 साली शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. त्यानंतर इतक्या वर्षांत अशी किती ठिकाणं आपण उभी केली, हा प्रश्न मला त्या किनाऱ्यावर वारंवार पडला. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातला माणूस आपल्याकडे अजूनही बहुधा घराच्या आतल्या खोलीत, एका सुनेच्या किंवा मुलीच्या भरवशावर असतो.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पैसे द्यायचे तर सरळ द्या, त्यासाठी कुणी पाण्यात कुडकुडायची गरज काय? बोटीलाच तीन हजार पौंडांहून जास्त लागतात, ते पैसे दिले असते तर? आक्षेप खोटा नाही, म्हणून मी तो त्यांच्यापुढे ठेवला. हिशेबनीस बाईने वही उघडून दाखवली. बोट, प्रवास, राहणं, निरीक्षकाची फी हे सगळं सहा जणींच्या खिशातून. देणगीच्या पानावर आलेला एकही पेनी त्यात मिसळत नाही. तिकडे करदात्याने एक पौंड दिला की सरकार त्यावर पंचवीस पेन्स संस्थेला देतं, तेही वेगळ्या रकान्यात. आणि पोहण्याची गरज काय, तर बसचालकाने सांगितलेली गोष्ट मला पटली. बहीण आजारी असताना डेपोतले लोक तिच्याशी त्या विषयावर बोलायचे टाळत. आता ते रोज पाण्याचं तापमान विचारतात, आणि तापमान विचारता विचारता आपल्या घरातल्या मरणाबद्दल बोलू लागतात. पाच-दहा पौंडांच्या नोंदींखाली त्यांनी लिहिलेली नावं मी वाचली. आईसाठी. आजोबांसाठी. नुसतं एक अक्षर आणि त्यापुढे ‘साठी’. नुसत्या आवाहनाने ही नावं आली नसती. ती सहा जणी दर आठवड्याला थंड पाण्यात उतरतात हे दिसल्यामुळे आली.

याच पाण्याबद्दल आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. हौसेने, बोट आणि निरीक्षक सोबत घेऊन माणसं इकडून तिकडे जातात. आणि रात्री रबरी होड्यांत दाटीवाटीने बसून, जीव मुठीत धरून, तिकडून इकडे येतात. 2021च्या नोव्हेंबरमध्ये अशी एक होडी बुडून किमान 27 माणसं मेली. त्यांत बायका होत्या, मुलं होती. नर्सने मला सांगितलं की पाण्यात तिला सर्वांत जास्त त्याचाच विचार येतो. आपल्या अंगाला पंधरा अंशांत तासाभरात काय होतं ते आता तिला माहीत आहे.

नकाशावर डोव्हरच्या शेक्सपियर बीचपासून फ्रान्समधल्या काप ग्री-नेपर्यंत जवळपास 33 किलोमीटर अंतर भरतं. पण सरळ रेषेत कुणीच पोहत नाही. भरतीचा लोंढा ईशान्येकडे नेतो, ओहोटीचा नैर्ऋत्येकडे, आणि दर सहा तासांनी दिशा बदलते. पोहणारी दक्षिण-पूर्वेकडे हात मारते आणि समुद्र तिला आडवा वाहून नेतो. रेघ काढली तर नागमोडी होते. आपल्या कोकणातल्या कोळ्यांना उधाण आणि भांग यांतला फरक सांगावा लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळायचं आणि अष्टमीच्या आसपासचा भांग धरायचा, हेच इथेही चालतं. प्रत्येक बोटीकडे भांगाच्या आठवड्यात साधारण चार जागा असतात, क्रमाने. पहिल्या क्रमांकाला चांगला दिवस मिळाला की दुसऱ्याची पाळी. वारा शांत झाला नाही तर चौथ्या क्रमांकाचे लोक आठवडाभर सामान बांधून बसतात आणि न पोहताच परत जातात. निर्णय बोटीच्या पायलटचा, म्हणजे आपल्या भाषेत तांडेलाचा. तो नाही म्हणाला तर नाही. शिवाय मध्ये मोठ्या जहाजांच्या दोन वाटा आहेत, जाणारी वेगळी आणि येणारी वेगळी, दिवसाला चारशेहून जास्त जहाजं. कंटेनरचं जहाज पोहणारीसाठी वळत नाही. पायलट रेडिओवर बोलत, थांबत, वाट काढत जातो.

मुंबईत धरमतर ते गेटवे पोहणाऱ्यांनाही हे गणित ठाऊक आहे. तिथे मध्यरात्री उतरतात, ओहोटीचं पाणी धरतात, आणि पहाटे बंदराच्या तोंडाशी तेलकट पाण्यातून, कचऱ्यातून, जेलीफिशच्या फटक्यांतून वाट काढतात. थंडी नसते, एवढाच काय तो फरक. तिथे बायकांच्या रिले अधिक व्हायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. दादरच्या, ठाण्याच्या, पुण्याच्या तलावांवर सकाळच्या बॅचला येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या बायका मी पाहिल्या आहेत. तासभर न थांबता पोहणाऱ्या त्यांत कितीतरी आहेत. त्यांना कुणी विचारलेलं नाही, इतकंच.

ऑगस्टच्या सुरुवातीला संघाने क्रम ठरवला. सहा जणी भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या, टेबलावर टोस्ट आणि एक लांब कागद. चौदा तास लागतील असं धरलं तर पहिल्या दोघींना तीनदा उतरावं लागतं, बाकीच्यांना दोनदा. म्हणून पहिला क्रमांक हिशेबनीस बाईचा. बोटीवरून उडी मारून ती आधी किनाऱ्यावर जाईल, कोरड्या गोट्यांवर उभी राहील, आणि भोंगा झाला की निघेल. दुसरी नर्स, रात्रपाळीमुळे ती कुठल्याही वेळी जागी असते. भाची चौथी, मावशी पाचवी, म्हणजे भाची पाण्यातून बाहेर येईल तेव्हा मावशी आत गेलेली असेल. तिला थर चढवायला मावशी नसेल, हे मुद्दाम. बसचालक सहावी.

तिसरा क्रमांक कुणालाच नको होता. पहाटे निघालं तर तिसरीचा दुसरा तास भर दुपारी, नैर्ऋत्येला जाणाऱ्या जहाजांची वाट संपवून मधल्या पट्ट्यात येतो. तिथे शेवाळ, कचरा आणि जेलीफिश साचतात. इंग्लंड मागे पडलेलं असतं, फ्रान्स जवळ आल्यासारखा वाटत नाही. आणि सुटायला उशीर झाला तर तोच तास अंधारात पडतो. सांगलीच्या बाईने तो मागून घेतला. कृष्णेच्या पुरानंतरच्या पाण्यात काय काय वाहून येतं ते आपण बघितलं आहे, शेवाळाचं काय, असं ती म्हणाली. मग मराठीत माझ्याकडे वळून, “ताई, मला खरी भीती बोटीची आहे. बोट लागली तर पाचही जणींचं वाटोळं.” त्यासाठी ती तीन आठवडे रविवारी मासे पकडणाऱ्यांच्या बोटीवर पैसे देऊन नुसती बसायला जात होती. आलेपाक, कोरडा भात, गोळ्या, सगळं करून बघितलं. शेवटी आल्याचा तुकडा आणि क्षितिजावर नजर, एवढंच चाललं.

कागदावर आणखी एक ओळ लिहून सहा जणींनी सह्या केल्या. हवामानामुळे बोट निघालीच नाही, किंवा वाटेत पोहणं मोडलं, तरी जमलेली सगळी रक्कम हॉस्पिसला जाईल, आणि देणगीच्या पानावर ते आजच स्पष्ट लिहायचं. कुणामुळे मोडलं हे मात्र पानावर लिहायचं नाही, असं शिक्षिकेने सुचवलं. हिशेबनीस बाईने ते कागदावर वेगळ्या ओळीत घातलं.

त्यांचा भांग सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला होता, बोटीवर तिसरा क्रमांक. सांगलीहून सासूबाई मुलांसाठी येऊन राहिल्या होत्या. पोहण्याबद्दल त्यांचा एकच प्रश्न होता, परतल्यावर सुनेला पहिल्यांदा काय खायला द्यायचं. तिखट चालेल की नको? सुनेने मऊ भात आणि मेतकूट सांगितलं. पाच जणींसाठीही तेच करून ठेवते, त्या म्हणाल्या, आणि किती तांदूळ लागतील ते विचारायला लागल्या.